थर्सडे मर्डर क्लब आईला द्यावी का? आणि कुठून सुरू करू?

निळीशाई

नमस्कार मंडळी. प्रश्न नुसता "ही मालिका कशी आहे" असा नाही, म्हणून जरा लांबण लावते.

आई बहात्तरची, रहस्यकथांची पक्की वाचक. खून कसा झाला यात तिला फारसा रस नसतो. कोण खोटं बोलतंय आणि का, यात असतो. रक्ताचे सडे, छळाची वर्णनं आली की पुस्तक मिटते आणि "हे तूच वाच" म्हणून माझ्याकडे सरकवते. तिच्यासाठी रिचर्ड ऑस्मनची 'द थर्सडे मर्डर क्लब' ही मालिका घ्यावी असं मनात आहे. इंग्लंडमध्ये केंटला निवृत्तांची एक ऐसपैस वसाहत, तिथले चार जण दर गुरुवारी जमून जुने, न उलगडलेले खून चघळत बसतात आणि मग खरोखरीचा खून दारात येतो, एवढं मला ठाऊक आहे. नेटफ्लिक्सवरचा सिनेमा आम्ही दोघींनी पाहिला. आईला हेलन मिरेन भयंकर आवडली. तर आता पहिलं पुस्तक गाळून थेट दुसऱ्यापासून सुरुवात केली तर चालेल का?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बाबांना डिमेन्शिया आहे. आईच सगळं बघते, मी जमेल तशी जाऊन येते. सिनेमात एलिझाबेथच्या, म्हणजे हेलन मिरेनच्या पात्राच्या, नवऱ्याचं तसंच दाखवलंय. ते बघताना आई काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. पुस्तकांत हे किती आहे? पुढे वाढत जातं का? विरंगुळा म्हणून पुस्तक हातात द्यायचं आणि त्यात पुन्हा घरचंच निघायचं, असं नको.

मला स्पॉयलर दिलेत तरी चालतील. खुनी कोण ते मात्र सांगू नका, मलाही वाचायचंय.

रातकिडा

बिनधास्त द्या! एकदम हलकीफुलकी मालिका आहे. पानापानाला हसू येतं, जॉइसच्या, म्हणजे त्या चौघांतल्या माजी नर्सच्या, डायरीला तर मी बसमध्ये मोठ्याने हसलोय. रक्तबिक्त काही नाही. मी तिसऱ्यापासून सुरुवात केली होती, काही अडलं नाही. प्रत्येक पुस्तकात खून वेगळा, उलगडा वेगळा. स्टीफनचं, म्हणजे एलिझाबेथच्या नवऱ्याचं, अधूनमधून येतं, पण कथेचा भर तिकडे नाही. चहा, केक आणि प्रेत असा एकूण बाज.

नाइट_ड्यूटी

रातकिडा, तुमचं वय विचारत नाही, पण उत्तर तरुण माणसाचं आहे. :)

निळीशाई, मी आयुष्यभर नर्स होते, त्यामुळे जॉइसच्या बाबतीत मी पक्षपाती आहे हे आधीच सांगून टाकते. पहिल्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच एलिझाबेथ ऐन जेवणाच्या वेळी येऊन तिला विचारते, चाकूचा वार झालेल्या मुलीचं रक्त जाऊन तिला मरायला किती वेळ लागेल? दुसऱ्या कोणाचा घास घशात अडकला असता. जॉइस मात्र लगेच नर्ससारखा हिशोब करायला लागते. आम्ही ड्यूटीरूममध्ये डबे उघडून याहून भयंकर बोलायचो, आणि भाजी कोणी केलीय हेही त्याच वाक्यात विचारायचो. तिथेच मी त्या लेखकाला पास केलं.

आता क्रमाचं. पहिल्यापासूनच वाचा, आणि ओळीने वाचा. 'द थर्सडे मर्डर क्लब' २०२० साली आलं, 'द मॅन हू डाइड ट्वाइस' २०२१, 'द बुलेट दॅट मिस्ड' २०२२, 'द लास्ट डेव्हिल टू डाय' २०२३, आणि मग एक वर्ष सोडून 'द इम्पॉसिबल फॉर्च्यून' २०२५. मधल्या २०२४ मध्ये जे आलं, 'वी सॉल्व्ह मर्डर्स', ती वेगळी मालिका, माणसं वेगळी. दुकानात ती सगळी एकाच फळीवर असतात, घोटाळा होतो.

सिनेमा पाहिलाय म्हणून पहिलं गाळायचं, हे तर अजिबातच नको. सिनेमाने बोगदानचं जे करून ठेवलंय ते पुस्तकात तसं नाही. सिनेमाचा शेवट डोक्यात ठेवून दुसरं पुस्तक उघडलंत तर पहिल्या काही पानांतच "हा इथे कसा?" असं होईल. आणि बोगदान पुढे हवाच आहे. का ते सांगते, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते त्याच्यातच आहे.

बोगदान हा पोलंडहून आलेला बांधकामावरचा माणूस. अंगाने दांडगा, बोलायला एकमार्गी. तो स्टीफनकडे बुद्धिबळ खेळायला येतो. स्टीफनला सकाळी काय जेवलो ते आठवत नसेल, पण पटावर तो अजून शाबूत आहे. लोक हा प्रसंग गोड म्हणून वाचतात आणि पुढे जातात. मी मात्र घड्याळाकडे बघत वाचलं. बोगदान पटावर बसलाय म्हणजे एलिझाबेथ घराबाहेर पडू शकते. तिचे सगळे तपास, सगळे पाठलाग, पोलिसांना गुंडाळणं, हे सगळं या एका गोष्टीवर उभं आहे: घरी नवऱ्यापाशी कोणीतरी आहे, आणि तो "राखणीला" आल्यासारखा आलेला नाही, खेळायला आलाय. आम्ही नातेवाइकांना घसा कोरडा करून हेच सांगायचो. पेशंटजवळ कोणाला तरी बसवा, पण त्याला पहारेकऱ्यासारखं बसवू नका. आणि त्या वेळात तुम्ही बाहेर पडा, बाजारहाट करायला नव्हे, स्वतःच्या कामाला.

एलिझाबेथची गंमत ही आहे की ती काळजी घेणारी बायको आहे, पण लेखकाने तिला नुसतीच ती ठेवलेली नाही. ती पूर्वीची हेर आहे, खोटारडी आहे, मैत्रिणींना हुकूम सोडते, मजा करते. तिला तिचा गुरुवार आहे. असली पुस्तकं मी फार पाहिली नाहीत. डिमेन्शियाच्या घरातली बायको पुस्तकात आली की एकतर देवी असते नाहीतर खचलेली.

म्हणून माझं म्हणणं, द्या. पण ही मालिका हलकीफुलकी आहे असं सांगून देऊ नका. पहिल्या पुस्तकात एलिझाबेथचं एक छोटंसं काम आहे बघा. ती आपल्या डायरीत दोन आठवडे पुढचं पान उघडते आणि तिथे स्वतःलाच एक प्रश्न लिहून ठेवते. कोणाच्या तरी सुनेच्या नव्या गाडीचा नंबर काय, असला. दोन आठवड्यांनी ते पान आलं की उत्तर आठवतंय का बघायचं. कोणाला काही बोलत नाही. रातकिडा, तुम्ही त्या पानावर हसला असाल. तुमच्या आई, निळीशाई, तिथे थांबतील.

शिवाय पेनीचं आहे. हा क्लब मुळात एलिझाबेथ आणि पेनी या दोघींनी सुरू केला. पेनी पोलीस खात्यातली, निवृत्त होताना जुन्या प्रकरणांच्या फाइली घरी घेऊन आलेली (अर्थातच परवानगी नसताना). आता ती वसाहतीतल्या शुश्रूषागृहात बेशुद्ध पडून आहे आणि एलिझाबेथ तिच्या उशाशी बसून चालू तपासाची बित्तंबातमी तिला सांगत असते. ऐकू जात असेल नसेल. बेशुद्ध पेशंटशी बोलत राहा असं आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवतात, आणि फार थोडे नातेवाईक ते मनापासून करू शकतात. बहुतेकांचे दोन वाक्यांत विषय संपतात. एलिझाबेथचा विषय संपत नाही, कारण तिच्याकडे खून आहे. शेवटाकडे याच पुस्तकात दोन जागा जड आहेत, दोन्ही नवरा-बायकोच्या प्रेमाच्या. रक्त नाही, पण मी पुस्तक खाली ठेवलं होतं.

बाकी हसवतं हे खरंच. त्यांनी जिगसॉ रूम दर गुरुवारी आरक्षित केलीय ती 'जॅपनीज ऑपेरा: चर्चा' या नावाने, म्हणजे कोणी चुकूनही आत डोकावणार नाही! घराच्या सुरक्षेवर व्याख्यान द्यायला आलेल्या डॉना या तरुण पोलीस पोरीला तर हे चौघं मिनिटभरात गिळतात. ती खिडक्यांच्या कड्यांबद्दल सांगायला लागते आणि यांना भलतंच हवं असतं.

सेंटमेरीमीड

थोडा विरोधी सूर लावतो.

निळीशाई, तुमच्या आईंना "कोण खोटं बोलतंय" यात रस आहे असं तुम्हीच लिहिलंय. मग त्यांना अगाथा ख्रिस्तीची म्हातारी गुप्तहेर मिस मार्पल द्या. ऑस्मनचं सगळं भांडवल तिथूनच आलंय. मार्पलबाई पहिल्यांदा छापून आल्या त्या १९२७ सालच्या 'द ट्यूजडे नाइट क्लब' या कथेत. दर मंगळवारी काही मंडळी जमतात, एकाने आपल्याला ठाऊक असलेलं रहस्य सांगायचं, बाकीच्यांनी उत्तर शोधायचं. वकील, पाद्री, लेखक, चित्रकार स्त्री, स्कॉटलंड यार्डचा निवृत्त अधिकारी, एकेक हुशार माणूस तर्क लढवतो आणि कोपऱ्यात विणत बसलेली म्हातारी अचूक उत्तर देते. त्या कथा १९३२ मध्ये 'द थर्टीन प्रॉब्लेम्स' या नावाने पुस्तकरूपात आल्या. मंगळवारचा गुरुवार केला की झालं.

तेही चाललं असतं. माझी तक्रार रहस्याच्या बांधणीबद्दल आहे. रोनाल्ड नॉक्सने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम घातले. त्यात एक असा की गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकालाही तिथल्या तिथे दिसला पाहिजे, आणि दुसरा असा की योगायोगाने गुप्तहेराला मदत करायची नाही. ऑस्मनच्या पुस्तकांत एलिझाबेथला काही अडलं की ती जुन्या ओळखीतल्या कोणाला तरी फोन फिरवते आणि माहिती हजर. बँकेचे व्यवहार काय, पोलिसांचे अहवाल काय. वाचकाने डोकं चालवायचं कुठे? आणि एकेका पुस्तकात प्रेतं किती! एका वसाहतीच्या आसपास हेर, हिरे, हेरॉइन, केजीबीचा माजी माणूस. मार्पलबाईंच्या गावात, सेंट मेरी मीडमध्ये, एका खुनाने पुस्तकभर पुरायचं.

आणि मुख्य म्हणजे मार्पलबाई वाचकाला रडवत नाहीत. त्यांचं म्हातारपण म्हणजे त्यांची विणकामाची पिशवी आहे. कायम सोबत असते, दुखत नाही. घरी एवढा भार असलेल्या वाचकाला तेच बरं.

नाइट_ड्यूटी

सेंटमेरीमीड, फोनचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. तिसऱ्या पुस्तकात तर मलाही वाटलं की या बाईने एकदा तरी फोन न करता काही शोधून काढावं. रहस्य सोडवायच्या ईर्ष्येने वाचणाऱ्याने ऑस्मनकडे जाऊच नये.

पण "दुखत नाही" हे नाही पटलं. 'द मिरर क्रॅक्ड फ्रॉम साइड टू साइड' पुन्हा काढून वाचा, १९६२ चं. पहिल्याच प्रकरणात मार्पलबाई खिडकीशी बसल्यात. डॉक्टरांनी बागकाम बंद केलंय. विणताना टाके गळताहेत आणि ते कुठे गळले हे दिसत नाहीये. दिमतीला मिस नाइट नावाची एक बाई ठेवलीय, ती त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावं तशी बोलते. आपण आता हे खाऊ या हं, आपण आता जरा पडू या हं. मी वाचताना दातओठ खाल्ले, कारण आमच्यातल्या निम्म्याजणी अशाच बोलायच्या आणि ते पेशंटला किती लागतं हे कळायला मला बरीच वर्षं जावी लागली. मग मार्पलबाई काय करतात? त्या मिस नाइटला दूरच्या दुकानांतल्या सामानाची यादी देतात आणि ती नजरेआड झाली की एकट्या गावाबाहेरच्या नव्या वस्तीत फिरायला जातात. तिथे पडतात, आणि ज्या बाईने उचलून घरात नेलं तिच्यावरूनच पुढचं सगळं रामायण. डॉक्टर हेडॉक तर त्यांना औषध म्हणून चांगलासा खूनच लिहून देतात.

म्हणजे ख्रिस्तीबाईंनाही सगळं माहीत होतं. फक्त त्यांनी ते एका प्रकरणात आटोपलं आणि खुनाकडे वळल्या. ऑस्मन तिथे रेंगाळतो. कोणाला काय आवडेल हा ज्याचा त्याचा प्रश्न.

सेंटमेरीमीड

मिस नाइट विसरलो नव्हतो, पण मुद्दा चोख आहे. तरी आईंना दोन्ही द्या म्हणतो मी. 'द मर्डर ॲट द व्हिकरेज' (१९३०) पासून.

निळीशाई

सगळ्यांचे खूप आभार. बुद्धिबळाचं वाचून मी जरा गप्प झाले. आमच्याकडे बाबांजवळ जो कोणी बसतो तो फोनमध्ये डोकं घालूनच.

नाइट_ड्यूटी, तुम्ही पहिल्या पुस्तकाबद्दल सविस्तर लिहिलंत. पुढे काय होतं? विशेषतः स्टीफनचं. आईच्या हातात पडायच्या आधी मला कळलेलं बरं.

नाइट_ड्यूटी

बरं. खाली मोठा स्पॉयलर आहे. चौथं पुस्तक न वाचलेल्यांनी इथेच थांबावं. खुनी कोणताच सांगत नाहीये.

दुसऱ्या पुस्तकात स्टीफनचं फार नाही. तिथे जड जातं ते चौघांतल्या इब्राहिमचं. तो मानसोपचारतज्ज्ञ, नीटनेटका, प्रत्येक गोष्टीची यादी करणारा माणूस. शहरात फिरायला गेला असताना पोरं त्याला मारतात आणि फोन हिसकावून नेतात. हाडं जुळतात. पण तो घराबाहेर पडेनासा होतो. दुसऱ्यांना भीतीतून बाहेर काढण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला स्वतःचं दार ओलांडवत नाही. आणि रॉन, तो जुना युनियनवाला, आवाज चढवण्याखेरीज ज्याला काही येत नाही असं आपल्याला वाटत असतं, तो येऊन त्याच्याजवळ बसतो. पुरुषांच्या मैत्रीवर इतकं कमी शब्दांत चांगलं लिहिलेलं मला आवडलं. याच पुस्तकात एलिझाबेथचा पूर्वीचा नवरा हिऱ्यांच्या भानगडीत उगवतो, त्यामुळे धमालही भरपूर. तुमच्या आईंना खोटी माणसं हवीत ना, इथे हेरखातंच आहे.

तिसऱ्यात एका टीव्ही पत्रकार मुलीचं जुनं प्रकरण, तिची गाडी कड्यावरून खाली गेलेली आणि प्रेत मिळालेलं नाही. स्टीफन उतरणीला लागलाय हे तिथे दिसायला लागतं. एलिझाबेथ ते जगापासून लपवते आणि थोडं स्वतःपासूनही.

चौथं पुस्तक, 'द लास्ट डेव्हिल टू डाय'. एका जुन्या वस्तूंच्या दुकानदाराचा खून होतो, तो स्टीफनचा मित्र असतो. ती गोष्ट एकीकडे चालते. दुसरीकडे स्टीफन. त्याने डोकं ठिकाणावर असताना स्वतःलाच लिहून ठेवलेलं एक पत्र आहे. तुला हा आजार आहे, असं सांगणारं. विचार करा, रोज नव्याने कळणार. आणि मग तो अजून आपला निर्णय आपण घेऊ शकतो आहे तोवरच जायचं ठरवतो. एलिझाबेथ त्याच्यासोबत असते. ती प्रकरणं ऑस्मनने अतिशय संयमाने लिहिलीत. सुया-औषधांचा तपशील नाही, रडारड नाही, आजूबाजूची माणसं काय ओळखतात आणि काय बोलून दाखवत नाहीत एवढंच.

चांगलं लिहिलंय म्हणून ते कोणाच्याही हातात द्यावं असं मात्र मला वाटत नाही. जी बाई आत्ता, आज, अशा नवऱ्याचं सगळं करते तिला हा शेवट पुस्तकात अचानक भेटू नये. तो कोणाला सुटका वाटेल, कोणाला आरोप वाटेल, कोणाच्या मनात नको तो विचार येईल. तुमच्या आईंना काय वाटेल ते तुम्हाला किंवा मला ठरवता येणार नाही. तेव्हा पहिली तीन खुशाल द्या. चौथं आधी तुम्ही वाचा. मग त्यांना सरळ सांगा की यात स्टीफन जातो, आणि आपल्या इच्छेने जातो, तुला वाचायचंय का. त्या मोठ्या आहेत, सांगतील. लपवून ठेवू नका मात्र. पाचवं हातात घेतल्यावर त्यांना कळणारच आहे, ते एलिझाबेथच्या दुःखातूनच सुरू होतं. आणि चौथ्याच्या वेळी जमलं तर त्यांच्याजवळ राहा.

रातकिडा

मी चौथं वाचलेलंच नाही, आणि वरचं वाचायला नको होतं पण वाचलं. :( एक शंका. इंग्लंडमध्ये हे कायद्याने चालतं का? नाही म्हणजे एवढे पोलीस मित्र आहेत त्यांचे.

सेंटमेरीमीड

नाही चालत. तिथल्या १९६१ च्या कायद्याने आत्महत्या हा गुन्हा राहिला नाही, पण आत्महत्येला मदत करणं गुन्हाच राहिला, चौदा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे पुस्तकातल्या पोलिसांनी काय बघितलं आणि काय बघितलं नाही यालाही अर्थ आहे. इथे ऑस्मनला मी दाद देतो. बांधणी कच्ची असली तरी या जागी त्याने कोणाच्या तोंडी भाषण घातलेलं नाही.

निळीशाई

ठरलं तर. पहिलं मागवलंय. चौथं मी वेगळं मागवून माझ्याकडे ठेवते.

आणखी एक छोटी विचारणा. आईचे डोळे संध्याकाळनंतर साथ देत नाहीत. ऑडिओबुक कशी आहेत यांची? बाबाही खोलीत असतात म्हणून विचारते.

नाइट_ड्यूटी

उत्तम आहेत. पहिली दोन लेस्ली मॅनव्हिलने वाचलीत, तिसरं आणि चौथं फिओना शॉने. मॅनव्हिलची जॉइस मला जास्त भावली, तो भाबडेपणाचा आव आणि आतून पक्की असलेली बाई तिने आवाजात बरोबर पकडलीय. आवाज बदलल्यावर दोन-चार प्रकरणं चुकल्यासारखं होतं, मग सवय होते.

बाबा खोलीत असतील तर पहिलं लावायला हरकत नाही. गोष्टीचा धागा त्यांच्या हाती लागला नाही तरी एकच आवाज संथपणे चालू असणं बऱ्याच जणांना बरं वाटतं. ते अस्वस्थ झाले तर बंद करा, आणि तशा वेळी आईंना कानात लावायचं काहीतरी आणून द्या. चौथं मात्र खोलीत मोठ्याने नको.

रातकिडा

सिनेमात स्टीफनचं काम जोनाथन प्राइसने केलंय, आणि बुद्धिबळाचा तो प्रसंग तिथेही आहे. आता पुन्हा बघणार.

सेंटमेरीमीड

निळीशाई, पाचव्यापर्यंत पोहोचलात तर एक तयारी ठेवा. त्यात बिटकॉइन आहे. आईंना ते समजावून सांगायची वेळ तुमच्यावर येणार. समजलं तर इथेही लिहा, मी ते पुस्तक शेवटपर्यंत वाचलं आणि तो सगळा पैसा नेमका कुठे होता हे मला अजून कळलेलं नाही.